नॅनोसंमिश्राच्या अर्कात पेशी मरतात. प्लाझ्मा प्रक्रियेचा उपयोग होईल का?

प्रश्न:
हाडातील पोकळी झाकण्यासाठी मी पॉलिलॅक्टिक आम्ल (शरीरात विघटन होणारा पॉलिमर), नॅनो हायड्रॉक्सिॲपाटाइट (हाडातील खनिजासारखे अतिसूक्ष्म कण) आणि सेंद्रिय प्रक्रिया केलेली थोडी मॉन्टमोरिलोनाइट माती (थरांची चिकणमाती) यांचा नॅनोसंमिश्र पापुद्रा क्लोरोफॉर्मच्या द्रावणातून तयार करतो. आयएसओ १०९९३-५ (वैद्यकीय साहित्य पेशींना विषारी आहे का हे तपासण्याचे मानक) प्रमाणे तपासताना त्याच्या अर्कात, म्हणजे पापुद्रा भिजवून ठेवलेल्या द्रवात, पेशींची जीवनक्षमता ७० टक्क्यांच्या मर्यादेखाली जाते. त्याच पद्धतीने केलेल्या निव्वळ पॉलिमरच्या अर्कात मात्र जात नाही. पृष्ठभाग जलस्नेही करण्यासाठी प्लाझ्मा (आयनीभूत वायूची) प्रक्रिया करावी का?

पहिले उत्तर:
प्लाझ्मामुळे फायब्रोनेक्टिनसारखी (पेशींना चिकटण्यास मदत करणारी) प्रथिने पृष्ठभागावर अधिक अनुकूल रीतीने बसतात व पेशी पसरतात हे खरे, परंतु आपल्या चाचणीत पेशींचा पापुद्र्याशी स्पर्शच होत नाही. त्यांच्यापर्यंत पोहोचते ते केवळ त्यातून पाझरलेले द्रव्य. निव्वळ पॉलिमर निर्दोष ठरल्यामुळे माझा पहिला संशय मातीवर आहे. तिचे थर पॉलिमरमध्ये विलग व्हावेत म्हणून त्यांच्यामध्ये बहुधा लांब शृंखलेचे चतुर्थक अमोनियम क्षार बसवलेले असतात आणि ते सुटून बाहेर आले की पेशीपटलाला इजा करतात (याच वर्गातील रसायने जंतुनाशकांत वापरली जातात, हे येथे विसरू नये). केवळ माती आणि केवळ ॲपाटाइट घातलेले दोन स्वतंत्र नमुने तपासल्याखेरीज पुढे जाऊ नये. उरलेला क्लोरोफॉर्मही मोजावा.

दुसरे उत्तर:
ॲपाटाइटलाही निर्दोष धरू नये. नॅनोकणांचे क्षेत्रफळ मोठे असल्याने ते पोषक माध्यमातील कॅल्शियम आणि प्रथिने शोषून घेऊ शकतात. अशा वेळी पेशी विषाने नव्हे, तर उपासमारीने खंगतात. अर्कातील कॅल्शियम मोजावे. एमटीटी (जिवंत पेशींचे प्रमाण रंगावरून मोजणारी चाचणी) वापरत असल्यास निसटलेले कण रंगाच्या मापनात ढवळाढवळ करतात, म्हणून पेशीविरहित नियंत्रण नमुना ठेवावा.

प्रश्नकर्ता:
माती बळकटीसाठी घातली होती. ती वगळल्यास ॲपाटाइटचे गोळे होतात.

तिसरे उत्तर:
ॲपाटाइटच्या पृष्ठभागावरील हायड्रॉक्सिल गटांपासून लॅक्टाइडच्या (पॉलिलॅक्टिक आम्लाच्या मूळ घटकाच्या) शृंखला वाढवल्यास कण पृष्ठसक्रियकाविना (मातीतील अमोनियम क्षारांसारख्या रसायनांविना) चांगले विखुरतात आणि पॉलिमरशी बंधही सुधारतो. त्यासाठी वापरलेल्या उत्प्रेरकाचा अंश, विशेषतः कथिलाचा, धुऊन काढणे आवश्यक आहे. आणखी एक गोष्ट: चाचणी निर्जंतुक केलेल्याच नमुन्यावर करावी. पॉलिलॅक्टिक आम्ल सुमारे ६० अंशांवर मऊ पडत असल्याने १२१ अंशांची वाफ चालत नाही, आणि गॅमा किरणांनी शृंखला तुटून रेणुभार घटतो, त्यामुळे विघटनाचा वेगही बदलतो.