मदत हवी आहे: जुन्या बाजाराच्या पुनर्विकासाला पालिकेच्या अर्थसंकल्पात फक्त १ लाख, याचा अर्थ काय लावायचा?

नमस्कार मंडळी. मी उत्तर गोव्यातल्या एका छोट्या पालिकेच्या हद्दीत राहतो. नाव मुद्दाम देत नाही, गाव लहान आहे आणि उद्या सकाळी दुकानावर त्याच लोकांशी गाठ आहे. जुन्या बाजारात आमचं भुसारी दुकान आहे, पालिकेचे भाडेकरू, वडिलांच्या काळापासून. दर निवडणुकीला ऐकत आलोय की हा बाजार पाडून नवीन संकुल होणार, खाली पार्किंग, वर दुकानं, त्याच्या वर ऑफिसं. आता म्हणे खरंच होणार, कारण दुकानदारांना तोंडी सांगायला सुरुवात झालीय की तात्पुरतं हलायची तयारी ठेवा. कुठे हलायचं, किती वर्षांसाठी, परत येताना तेवढीच जागा मिळणार का, यातलं काहीच लेखी नाही.

म्हणून म्हटलं लोकांच्या गप्पा ऐकण्यापेक्षा पालिकेचा अर्थसंकल्पच वाचावा. ओळखीने एक प्रत मिळाली. पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात शिलकी अर्थसंकल्प. मग मला कळेना, पैसा शिल्लक आहे तर गटार तुंबलेलं का असतं आणि मासळी मार्केटचे पत्रे दर पावसाळ्यात का गळतात. बरं, जमेच्या बाजूला घरपट्टी, दुकानभाडं, सोपो (बाजारात बसून विकणाऱ्यांकडून पालिका घेते ती फी), व्यापार परवाने, बांधकाम परवाने, जाहिरात फलक आणि मग सरकारी अनुदानांच्या लांबच लांब ओळी. खर्चात सगळ्यात मोठा घास पगार आणि पेन्शनचा, त्यानंतर कचरा. आणि भांडवली खर्चात अगदी खाली एक ओळ, जुन्या बाजाराचा पुनर्विकास, १ लाख. अहो १ लाखात पाडलेला मलबासुद्धा उचलून होणार नाही.

आमच्या नगरसेवकांना विचारलं तर म्हणाले ती टोकन तरतूद आहे, खरा पैसा सरकार देणार. ऑफिसात विचारलं तर म्हणे फाईल जीसुडाकडे, म्हणजे राज्य सरकारच्या नगरविकास संस्थेकडे. नकाशा बघायला मागितला तर अजून फायनल नाही. पण हलायला मात्र फायनल!

अजून एक. एका दुकानदाराच्या मोबाईलवर त्या संकुलाचं रंगीत चित्र फिरतंय, छान आहे, काचबिच लावलेली. त्यात चतुर्थीच्या आधी माटोळीचं (गणपतीच्या वर बांधतात त्या फळापानांच्या सजावटीचं) सामान घेऊन बसणाऱ्या बायका कुठे बसणार ते कुठेच नाही, आणि मे महिन्यात पुरुमेंताचं, म्हणजे पावसाळ्यासाठी साठवायचं, सामान विकणारे पण नाहीत. आमच्या धंद्यातला अर्धा जीव त्या दोन हंगामांत आहे, गिऱ्हाईक त्यांच्यासाठी येतं आणि जाताना आमच्याकडून नारळ गूळ नेतं.

तर प्रश्न असा की हा प्रकल्प खरा आहे की नाही हे कागदावरून कसं ओळखायचं, पैसा पालिकेच्या अर्थसंकल्पात नसेल तर कुठे शोधायचा, आणि माहिती अधिकारात नेमकं काय मागायचं म्हणजे "माहिती उपलब्ध नाही" असं एका ओळीचं उत्तर येणार नाही? वकील सध्या नको, आधी समजून घ्यायचंय.

प्रतिसाद १
दादा, मी लेखा विभागात नोकरी केलेली आहे (दुसऱ्या राज्यात, पण हिशोब सगळीकडे सारखेच). शिलकी बघून हुरळू नका. वर्षाच्या सुरुवातीला बँकेत जी रक्कम असते ती आरंभीची शिल्लक म्हणून जमेत धरतात, आणि त्यात बरेचदा मागे आलेलं पण न वापरलेलं अनुदान पडून असतं. ते पैसे दुसरीकडे वळवता येत नाहीत. उदाहरण घ्या, पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ साठी आपल्यासारख्या छोट्या शहरांना जे अनुदान ठरवलं त्यातलं ६० टक्के बांधील होतं, निम्मं पिण्याच्या पाण्याकडे आणि निम्मं स्वच्छता-घनकचऱ्याकडे. उरलेलं ४० टक्के मोकळं, पण पगाराला वापरायचं नाही. म्हणजे कागदावर कोटींची शिल्लक दिसली तरी त्यातून तुमचा बाजार उभा राहत नाही.

टोकन तरतूद म्हणजे लेखाशीर्ष उघडं ठेवणं. अनुदान आलंच तर जमा करायला आणि खर्च दाखवायला ओळ हवी, एवढंच. पाचशे-हजार रुपयांची टोकन पण असते. त्यामुळे यंदाचा आकडा बघत बसू नका, मागच्या चार-पाच वर्षांचे अर्थसंकल्प काढा आणि त्याच ओळीत "प्रत्यक्ष खर्च" हा रकाना बघा. अंदाज, सुधारित अंदाज आणि प्रत्यक्ष असे तीन रकाने असतात, पहिल्यावर भाषणं होतात आणि तिसरा कोणी वाचत नाही. तिथे दरवर्षी शून्य असेल तर समजा.

प्रतिसाद २
वरच्यांशी सहमत, फक्त एक भर. मोठा पैसा पालिकेच्या पुस्तकात येतोच असं नाही. पणजी २०१६ साली स्मार्ट सिटी मिशनमध्ये निवडली गेली तेव्हा त्यासाठी वेगळी कंपनी काढली आणि निधी त्या कंपनीकडे गेला. महापालिकेचा अर्थसंकल्प वाचून त्या कामांचा अंदाज आलाच नसता. तुमच्याकडे तसंच, काम जीसुडामार्फत असेल तर माहिती अधिकाराचा अर्ज दोन्हीकडे टाका. १० रुपये फी, उत्तराची मुदत ३० दिवस, नाही आलं तर पहिलं अपील.

आणि "का" विचारू नका, कागद मागा. या कामाची प्रशासकीय मान्यता आणि खर्च मंजुरीच्या आदेशाची प्रत, गोव्याच्या दरसूचीवर केलेलं एस्टिमेट, सल्लागाराची वर्क ऑर्डर, पालिका मंडळाचा ठराव तारखेसकट, आणि दुकानदारांच्या स्थलांतराबद्दलचा पत्रव्यवहार. सोबत फाईल प्रत्यक्ष बघायला मागा, तो हक्क कायद्यात आहे आणि फाईलवरची अधिकाऱ्यांची टिपणी बघितल्याशिवाय खरं चित्र कळत नाही. प्रशासकीय मान्यता नसेल तर तुम्हाला हलवायची घाई कसली हा प्रश्न मग आपोआप त्यांच्यावर येतो.

लोकांचं म्हणणं ऐकायची जागा मात्र आपल्याकडे फार कमी. ७४व्या घटनादुरुस्तीत प्रभाग समित्या सक्तीच्या आहेत त्या ३ लाख किंवा जास्त लोकसंख्येच्या पालिकांना, आणि गोव्यातलं एकही शहर त्याच्या जवळपास नाही. पुण्यात नागरिकांकडून कामांच्या सूचना घेऊन त्या अंदाजपत्रकात धरायची पद्धत २००६ पासून आहे, कितपत मनापासून चालते तो भाग वेगळा. ओडीपीच्या, म्हणजे शहराच्या विकास आराखड्याच्या, मसुद्यावर हरकती मागवतात, पण एका इमारतीच्या नकाशावर मागवतील असं धरून बसू नका. अर्थसंकल्प मार्चअखेर मंजूर होतो तेव्हा लेखी निवेदन त्याच्या आधी, डिसेंबर-जानेवारीत द्या. मार्चमध्ये दिलेलं निवेदन फक्त फाईलला लागतं.

प्रतिसाद ३
रंगीत चित्रात काच असते, एस्टिमेटमध्ये पत्रा 😀

प्रतिसाद ४
माटोळीवाल्या बायकांचा मुद्दा सोडू नका, तो तुमच्यापेक्षा मजबूत आहे. २०१४ च्या फेरीवाला कायद्यात आधी सर्वेक्षण आणि मगच हलवाहलव, वर ३० दिवसांची नोटीस. नगर फेरीवाला समितीत ४० टक्के सदस्य फेरीवाल्यांनी निवडून दिलेले हवेत. पन्नास वर्षांहून जुन्या बाजाराला वारसा बाजार म्हणायची तरतूदही परिशिष्टात आहे. फक्त हंगामी बसणाऱ्यांची नावं सर्वेक्षणात येत नाहीत ही मुख्य अडचण, म्हणून सोपोच्या पावत्या जमवायला सांगा, जुन्यातल्या जुन्या.

धागाकर्ता
सगळ्यांचे आभार. सोपोच्या पावत्यांचं डोक्यातच आलं नव्हतं, काहीजणी फेकून देतात पण दोन-तीन म्हाताऱ्या बायका डब्यात ठेवतात हे माहीत आहे, उद्या विचारतो. अर्ज दोन्हीकडे टाकतोय. आता एकच राहिलं, कोणाच्या गावात बाजार पाडून बांधताना पालिकेने दुकानदारांना लेखी हमी दिली असेल, म्हणजे तेवढंच क्षेत्रफळ, तळमजला आणि भाडं किती याबद्दल, तर त्या कागदाचा फोटो नाव-गाव झाकून इथे टाकाल का? आमच्या संघटनेच्या पुढच्या बैठकीत तो मसुदा म्हणून ठेवता येईल.