जंगल बुकमधला 'का' अजगर बिचारा उगाच बदनाम झालाय

वर कोणीतरी म्हटलंय की डिस्नेचा जंगल बुक बघितला की किपलिंगचं पुस्तक वाचायची गरज नाही. अजिबात पटलं नाही! १९६७ च्या पिक्चरमधला 'का' म्हणजे मोगलीला गिळायला टपलेला कॉमेडी व्हिलन, आणि १८९४ च्या पुस्तकात हाच अजगर बल्लू-बगीराच्या हाकेला ओ देऊन मोगलीला माकडांच्या तावडीतून सोडवायला येतो, डोक्याच्या धडका मारून संगमरवरी जाळी फोडतो आणि मग चांदण्यात असा काही नाचतो की माकडं एकेक पाऊल टाकत त्याच्याकडेच सरकायला लागतात, बल्लू-बगीरा पण भारल्यासारखे निघतात, मोगली त्यांच्या खांद्यावर हात ठेवतो तेव्हा कुठे भानावर येतात. काटा येतो राव अंगावर.

पिक्चरमधला माकडांचा राजा किंग लुई तर पुस्तकात नाहीच, तिथे माकडांना राजाच नाही हीच तर गंमत. बल्लूही तिकडे कडक मास्तर, चुकलं की फटका. गाणी मात्र पिक्चरची भारीच, त्यात वाद नाही.

शेरखानचा शेवट फारच मिळमिळीत केलाय पण, शेपटीला जळती फांदी बांधली की पळाला. पुस्तकात म्हशींच्या पायांखाली तुडवला जातो आणि मोगली त्याचं कातडं सोलतो, त्यामुळे अगदी लहान मुलांना वाचून दाखवताना ती पानं जरा बघून.