दर पंधरवड्याचा बंदी आदेश, नाकाबंदीतली फोन तपासणी, नेटबंदी: कोल्हापुरात नागरिकानं काय बघायचं?

दसरा चौक विचारतात:

सण आला, निवडणूक लागली, मोर्चाची हाक आली की पेपरात ठरलेली बातमी: 'जिल्ह्यात बंदी आदेश लागू'. पंधरवडा सरतो न सरतो तोच पुढचा. जून २०२३ मध्ये तर शहरात नेटही बंद होतं. बंदोबस्त नको असं कुणी म्हणत नाही. पण सुरक्षेच्या नावाखाली मोर्चा काढायचा, बोलायचा, खासगी राहण्याचा हक्क हळूहळू झिजतोय का? तालीम मंडळं आणि संघटनांसाठी तीन नेमके प्रश्न:

१) असे लागोपाठ आदेश काढता येतात का? हरकत कुठं घ्यायची?
२) नाकाबंदीत 'फोन उघडून दाखव' म्हटलं तर?
३) नेट बंद करायचा अधिकार कुणाला?

भाषणं नकोत, कलमं आणि कृती सांगा.

कागदपत्री:

आधी बातमी बाजूला ठेवा आणि आदेशाची प्रत मिळवा. बातमीत सगळ्यालाच 'जमावबंदी' म्हणतात, पण कायदे दोन आहेत आणि दोन्हींचे उपाय वेगळे.

पहिला महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१. इथं पोलीस आयुक्तालय नाही, त्यामुळे कलम ३७ चा आदेश जिल्हा दंडाधिकाऱ्यांच्या कार्यालयातून निघतो. ३७(१) म्हणजे तलवारी, काठ्या, दगड, स्फोटकं बाळगायला मनाई. पण त्याच पोटकलमात पुतळ्यांचं प्रदर्शन, जाहीर घोषणा, गाणी, भाषणंही येतात. लोक 'शस्त्रबंदी' म्हणून वाचतात आणि पुतळा जाळायला गेल्यावर कलम १३५ खाली गुन्हा दाखल झाला की चकित होतात. ३७(३) म्हणजे जमाव आणि मिरवणुकीला मनाई. ही मनाई राज्य सरकारच्या मंजुरीशिवाय १५ दिवसांपेक्षा जास्त ठेवता येत नाही. पंधरवड्याचं गणित इथून येतं.

दुसरा भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १६३, म्हणजे जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं १४४. हे १ जुलै २०२४ पासून लागू. आदेश लेखी हवा, त्यात महत्त्वाची वस्तुस्थिती मांडलेली हवी, मुदत जास्तीत जास्त २ महिने. पुढं वाढवायचं तर राज्य सरकारला, तेही आणखी ६ महिन्यांपर्यंतच.

प्रतीत चार जागा बघा: कलम, मुदत, हद्द, कारण. खरी गडबड कारणात असते. मागच्या पंधरवड्याचा परिच्छेद उचलून फक्त सणाचं नाव बदललेलं दिसलं तर तोच तुमचा मुद्दा. १० जानेवारी २०२० च्या अनुराधा भसीन निकालात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलंय, की १४४ चे पुन्हापुन्हा आदेश हा अधिकाराचा गैरवापर ठरतो, आणि रास्त मतभेद दाबायला हे कलम नाही.

हरकत: १६३ चा आदेश असेल तर बाधित व्यक्ती ज्यांनी तो काढला त्यांच्याकडेच तो रद्द करा किंवा बदला असा अर्ज करू शकते. म्हणणं मांडायची संधी लवकर द्यावी लागते आणि अर्ज फेटाळला तर कारणं लिहावी लागतात. अर्ज आवक-जावकमध्ये देऊन पोच घ्या. त्यानंतर राज्यघटनेच्या अनुच्छेद २२६ खाली उच्च न्यायालयात रिट याचिका. १८ ऑगस्ट २०२५ पासून उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच इथंच सीपीआर रुग्णालयासमोर बसतंय, त्यामुळे मुंबईची वारी वाचली.

बहुतेक जण एका ठिकाणी फसतात. १५ दिवसांच्या एकाच आदेशाला आव्हान दिलं की सुनावणीआधीच तो संपतो आणि प्रकरण निकाली निघतं. म्हणून वर्षभराचे सगळे आदेश माहिती अधिकारात काढा, ओळीनं लावा आणि त्या साखळीलाच आव्हान द्या.

जुना बंदोबस्त:

कागदपत्रींचं कायद्यापुरतं बरोबर, पण दुसरी बाजूही सांगतो. आगाऊ मनाई मुळातच घटनाबाह्य असा समज असेल तर तो सोडा. बाबुलाल पराते खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं १९६१ सालीच कलम १४४ वैध ठरवलं. मिरवणुकीत तलवार बाहेर निघाल्यावर गुन्हा नोंदवण्यापेक्षा ती घरातच राहावी, यात गैर काय? आदेशातला मजकूर साच्यातला असतो हे मात्र खरं, आणि त्याचा तोटा प्रशासनालाच होतो. ज्या दिवशी खरा धोका असतो, त्या दिवशीचा आदेशही कुणी गांभीर्यानं घेत नाही.

आदेश लागू असतानाही परवानगीनं कार्यक्रम होतात. ठाण्यात लेखी अर्ज द्या: मार्ग, सुरू-बंद व्हायची वेळ, अंदाजे संख्या, स्वयंसेवकांची नावं-नंबर. स्पीकरचा अर्ज वेगळा. उत्तर आलं नाही म्हणजे होकार समजू नका, त्यातच मंडळं अडकतात. नकार लेखी मागा. तोंडी नकाराला कोर्टात काही किंमत नाही.

'१४९ ची नोटीस' (आता नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १६८) आली म्हणून घाबरायचं कारण नाही. ती फक्त समज आहे, गुन्हा नाही. 'मिळाली' एवढंच लिहून तारखेसह सही करा, प्रत ठेवा. त्याच संहितेच्या कलम १२६ ची, म्हणजे शांतता राखायच्या हमीसाठीची 'चॅप्टर'ची नोटीस वेगळी. तिथं कार्यकारी दंडाधिकारी वर्षभरापर्यंतचं बंधपत्र मागू शकतात. पहिल्याच तारखेला न वाचता सही करून मोकळे होणारे पुष्कळ. तसं करू नका, नोटिशीतली माहिती खोडून काढायचा हक्क तुम्हाला आहे.

आणखी एक: १६३ चा भंग म्हणून भारतीय न्याय संहितेचं कलम २२३ लावलं, तर न्यायालयाला दखल घ्यायला संबंधित अधिकाऱ्याची लेखी तक्रार लागते. नुसत्या पोलिसांच्या दोषारोपपत्रावर भागत नाही. वकिलाला हे पहिल्यांदा तपासायला सांगा.

पंच क्रमांक दोन:

फोनचं सांगतो. नाकाबंदीत लायसन्स, गाडीचे कागद मागणं ठीक. गॅलरी आणि व्हॉट्सॲप चाळणं ही झडती झाली. तिला ठरावीक गुन्ह्याचा तपास लागतो आणि नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १८५ खाली आधी कारणं लिहावी लागतात. त्यांची प्रत ४८ तासांत दंडाधिकाऱ्यांकडे जाते. 'कुठल्या गुन्ह्यात आणि कुठल्या कलमाखाली, तेवढं लिहून द्या साहेब' एवढंच शांतपणे म्हणायचं. हिसकाहिसकी केली की सरकारी नोकरावर बळाचा वापर केल्याचं कलम (जुनं ३५३, आता न्याय संहितेचं १३२) लागतं. ते अजामीनपात्र आहे आणि मग फोनचा विषय बाजूलाच राहतो.

कागद डिजीलॉकरमधून दाखवणार असाल तर ॲप पिन करून (स्क्रीनवर तेवढंच अडकवून) दाखवा, म्हणजे दुसरं काही उघडत नाही. फोन रीस्टार्ट केला की पहिल्यांदा बोटाचा ठसा चालत नाही, पिनच लागतो. पण नोटीस आल्यावर मेसेज उडवू नका, पुरावा नष्ट केल्याचा वेगळा गुन्हा होतो.

फोन जप्त झालाच तर पंचनाम्यात बघा: दोन्ही आयएमईआय (फोनचे ओळख क्रमांक), सिम, मेमरी कार्ड, फोन चालू की बंद, सील. त्याच संहितेच्या कलम १०५ प्रमाणे जप्तीचं चित्रीकरण व्हायला हवं. हॅश व्हॅल्यू (फोनमधल्या माहितीवरून काढलेला, माहिती बदलली की बदलणारा आकडा) कधी काढली हेही विचारा. तो आकडा नसेल तर नंतर आत काही घातलं की नाही हे कुणालाच सिद्ध करता येत नाही. पासवर्ड सांगायची सक्ती करता येते का, यावर न्यायालयांचं एकमत नाही. अनुच्छेद २०(३) चा, म्हणजे स्वतःविरुद्ध साक्ष द्यायची सक्ती नाही हा मुद्दा नोंदवून ठेवा. फोन परत मिळवायला दंडाधिकाऱ्यांकडे मुद्देमाल परतीचा अर्ज करावा लागतो, ठाण्यात खेपा घालून उपयोग नाही.

दसरा चौक:

आभारी आहे. नेटबंदीचं राहिलं.

कागदपत्री:

जिल्हाधिकाऱ्यांना तो अधिकार नाही, जमावबंदीच्या आदेशातून तर नाहीच. २०२३ च्या दूरसंचार कायद्याखालचे २०२४ चे नियम सांगतात, की राज्यात हा आदेश गृह सचिवांचा. अपरिहार्य परिस्थितीत प्राधिकृत सहसचिव दर्जाचा अधिकारी काढू शकतो, पण २४ तासांत मंजुरी मिळाली नाही तर आदेश संपतो. एका आदेशाची कमाल मुदत १५ दिवस. कारण, क्षेत्र, मुदत लिहून तो प्रसिद्ध करावा लागतो. मुख्य सचिवांच्या समितीनं ५ दिवसांत आढावा घ्यायचा.

आपल्याकडं बंदी सहसा दीड-दोन दिवसांची. समिती बसेपर्यंत नेट परत आलेलं असतं आणि लक्ष्मीपुरीतल्या दुकानदाराचं यूपीआयवर बुडालेलं गिऱ्हाईक कुणी मोजत नाही. माझ्या मते सगळ्यात कच्चा दुवा हाच.

माहिती अधिकार अर्ज मंत्रालयातल्या गृह विभागाकडे, १० रुपये शुल्क. महाराष्ट्रात अर्ज १५० शब्दांत आणि एकाच विषयाचा लागतो, म्हणून बंदीचा आदेश आणि समितीचं इतिवृत्त यांसाठी दोन वेगळे अर्ज करा. इतिवृत्त गोपनीय म्हणून अडवलं तरी आदेशाची प्रत त्यामुळे अडकत नाही.