ट्रॅक्टरचं नाव नको, माप सांगा

दादा, जुन्या जपानी मिनी ट्रॅक्टरचं पीटीओचं (मागचं अवजार फिरवणाऱ्या शाफ्टचं) सील आणि बेअरिंग मिळंना म्हणताय, तर दुकानात ट्रॅक्टरचं नावच घेऊ नका. नाव ऐकलं की दुकानदाराची मान 'नाही' म्हणून हलली! बेअरिंग डिझेलनं धुवा, कडेला नंबर दिसतोय. आमच्या तासगावच्या बागेतल्या ट्रॅक्टरला ६२०७ निघालं: आत ३५, बाहेर ७२, जाडी १७ मिलिमीटर. सांगलीत बेअरिंगच्या दुकानात लगेच मिळालं. सीलवरही (तेल अडवणाऱ्या रबरी रिंगवर) माप असतंय. पुसलं असेल तर शाफ्ट आणि हाउसिंग (सील बसतं ते भोक) दोन्हीला व्हर्नियर (बारीक माप घ्यायची पट्टी) लावा. शाफ्टवर बोट फिरवून बघा. नखाला खाच लागली तर नवं सीलही गळणार (मी दोन फुकट घालवली), आधी लेथवर शाफ्टला स्लीव्ह (धातूची पातळ नळी) चढवून घ्या. गिअर मात्र नुसता कापून आणू नका, हार्डनिंग (तापवून दात कडक करणं) नसलं की दात लवकर जातात.