महागाई, भाववाढ की चलनवाढ?

'अमेरिकेत महागाई घटली' असे मथळे २०२३ साली सर्रास दिसायचे. जून २०२२ मध्ये महागाईचा वार्षिक दर ९.१ टक्के होता, जून २०२३ मध्ये ३ टक्क्यांवर आला. तरी तिथले लोक महागाईच्या नावानं बोटं मोडतच होते. आकडा खोटा की मथळा? आणि इन्फ्लेशनला मराठीत नेमका शब्द कुठला?

---

आकडा खरा आहे, घोळ मथळ्यात आहे. जून २०२१ मध्ये १०० डॉलरला येणारं सामान वर्षभरात १०९ डॉलर १० सेंटवर गेलं. पुढच्या वर्षी त्यावर आणखी ३ टक्के, म्हणजे ११२ डॉलरच्याही वर. भाव उतरले नाहीत, चढण्याचा वेग कमी झाला. पण 'महागाई' हा शब्द आपण वेगासाठी वापरतच नाही, परिस्थितीसाठी वापरतो. 'फार महागाई आहे' म्हणजे वस्तू परवडत नाहीत. तेव्हा 'महागाई घटली' वाचल्यावर 'स्वस्त झालं' असंच वाटणार. 'भाववाढ मंदावली' लिहिलं असतं तर प्रश्नच मिटला असता.

(आणि दर '६.१ टक्क्यांनी' घटला असंही लिहू नये. दोन टक्केवारींतली वजाबाकी टक्केबिंदूंत सांगतात.)

---

अर्थशास्त्राच्या पुस्तकात 'चलनवाढ' असतं. तोच शास्त्रशुद्ध शब्द ना?

---

शास्त्रशुद्ध दिसतो खरा, पण तो घटनेचं नाव न सांगता कारण सांगतो. १९२३ च्या जर्मनीला चपखल बसेल. सरकारनं नोटा छापत सुटायचं ठरवलं आणि नोव्हेंबरात एका अमेरिकी डॉलरला ४.२ लाख कोटी मार्क पडू लागले. झिम्बाब्वेची १०० लाख कोटी डॉलरची नोटही त्याच जातीची. पण ऑक्टोबर १९७३ मध्ये अरब देशांनी तेल अडवलं आणि काही महिन्यांत तेलाचा भाव जवळपास चौपट झाला, तो काही नोटा छापल्यामुळे नव्हे.

---

अमेरिकी अर्थशास्त्रज्ञ मिल्टन फ्रीडमन यांनी हे मान्य केलं नसतं. त्यांच्या मते इन्फ्लेशन सदासर्वकाळ पैशाचाच मामला. तेल महागलं तर इतर खर्चाला कात्री लागेल, एवढंच. सगळेच भाव वर्षानुवर्षे चढत राहायचे, तर बाजारात पैसा वाढलेलाच असला पाहिजे.

---

फ्रीडमन बरोबर असतीलही, पण तो वादातला एक पक्ष झाला. शब्दानंच आधी निकाल देऊन टाकावा हे काही पटत नाही. शिवाय जपान बघा. तिथल्या मध्यवर्ती बँकेनं, बँक ऑफ जपाननं, २००१ पासून बँकांमध्ये पैसा ओतला, तरी भाव ढिम्म. म्हणजे चलन वाढलं आणि 'चलनवाढ' झालीच नाही! असं वाक्य लिहायची पाळी आणणारा शब्द काय कामाचा?

---

मग भाव उतरतात त्याला 'स्वस्ताई' म्हणायचं का?

---

नको. स्वस्ताई ऐकून माणूस खूश होतो. जपानमध्ये भाव पडले तेव्हा कंपन्यांचा नफा आटला आणि पगार वाढेनासे झाले. तिथे 'भावघट'च बरा, भाववाढीला जोडही जमते.

---

इन्फ्लेशनला 'चलनफुगवटा' असाही एक शब्द आहे, तो मात्र मोडीत काढू नका. नोटांच्या पुरानं भाव भडकले असं ठामपणे म्हणायचं असेल, तर १९२३ साठी त्याच्याइतका बोलका शब्द नाही. एरवी भाववाढ.