मदत हवी आहे: गंजक्या स्टडवर टॉर्क पान्याचा आकडा किती धरायचा?

मालवणात समुद्राजवळ राहतो, गाडी उघड्यावर असते. खाऱ्या हवेने चाकांच्या नटांची आणि ते ज्यावर आवळतात त्या आटेदार स्टडची काय गत होते ते किनाऱ्यावरच्यांना सांगायला नको. चाकं घरीच काढतो-बसवतो. मॅन्युअलमध्ये नटांना ८५ न्यूटन-मीटर दिलंय. पाना अर्धा इंची, क्लिकवाला (लावलेल्या आकड्याएवढा पीळ आला की क्लिक येतो), २८ ते २१० न्यूटन-मीटरचा. काम झालं की सेटिंग खाली आणून ठेवतो.

पाना तपासलाय. चौकोनी टोक व्हाइसमध्ये धरलं, पाना आडवा ठेवला आणि टोकाच्या मध्यापासून ४३ सेंटीमीटरवर, मुठीच्या मधोमध, २० किलो वजन टांगलं. हिशेबाने ते साधारण ८४ न्यूटन-मीटर होतात. पाना ८० वर लावला तर क्लिक येतो, ९५ वर येत नाही. पान्याचं स्वतःचं वजन धरलं तरी घोळ तिथे वाटत नाही.

अडलंय ते आट्यांशी. वायर ब्रशने घासूनही खरखर राहते. क्लिक येतो, पण नट खरंच आवळला की जोर घर्षणातच गेला, कळत नाही. गॅरेजवाले सरळ सांगतात, कॉपर ग्रीस लावा. पण वंगण लागलं की त्याच आकड्याला स्टड जास्त ताणला जातो, आणि मॅन्युअलमधला आकडा कोरड्या आट्यांसाठी आहे. नटाच्या निमुळत्या बैठकीला ग्रीस लागू द्यायचं नाही, हे माहीत आहे. नवे स्टड टाकायचीही तयारी आहे, पण पुढच्या पावसाळ्यानंतर पुन्हा हेच.

किनाऱ्यावर स्वतः काम करणारे काय करतात? ग्रीस लावून ८५ वरून खाली यायचं तर नेमकं किती, की आटे कोरडेच ठेवून स्टड बदलत राहायचे?