पाणी तापवायचा बंब तांब्याचा की स्टीलचा?
तांबं स्टीलच्या साधारण २५ पट उष्णता वाहतं, म्हणून तांब्याचाच बंब लवकर तापणार, असं एकानं लिहिलंय. आकडा बरोबर, निष्कर्ष पटला नाही. पत्रा इतका पातळ असतो की धातूनं फारसा फरक पडत नाही. घोडं अडतं ते बंबाच्या मधल्या जाळाच्या नळीतल्या काजळीपाशी आणि ओल्या सरपणापाशी. कोल्हापूरच्या पावसाळ्यात बाभळीचं लाकूडसुद्धा सादळतं. जाळाचा बराच भाग तेच वाळवण्यात जातो. गुऱ्हाळवाले चिपाडं वाळवूनच चुलवाणात घालतात, ते उगाच नाही.

टिकण्याचं म्हणाल तर बंबाची घडण बघा. वरून गार ओतलं की तोटीतून गरम बाहेर येतं, तो जुना बंब रिकामा होतच नाही. खाली नळ असलेल्यात पाणी संपून जाळ चालू राहिला, की तांब्याच्या बंबाच्या सांध्यांचा डाख सुटलाच.